बाबांचं कालवण, माझं नाव

आमच्या घरात बाबा रांधत होते ही गोष्ट सात महिने फक्त चौघांना माहीत होती. आई, मी, स्वतः बाबा आणि दारावर मासे विकायला येणारी वरळी कोळीवाड्याची हिराबाई. घोडपदेवच्या आमच्या चाळीत कुणाच्या आमटीत हिंग जास्त पडला हेसुद्धा जिन्यापर्यंत कळायचं. तिथे असलं गुपित सात महिने टिकलं कसं, याचं आज नवल वाटतं. तेव्हा नुसती धास्ती वाटायची.

गिरण्यांचा संप लांबत चालला होता. बाबा विणकर होते, माझ्या जन्माच्या आधीपासून लूमवर उभे. गिरणी बंद झाल्यावर पहिले दोन महिने ते मोर्चाला जायचे, सभेला जायचे, मैदानात जाऊन बसायचे. मग सभाही कमी झाल्या. आईला शिवडीच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायचं काम मिळालं आणि ती सकाळी साडेसातला डबा घेऊन बाहेर पडू लागली. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करत होते, म्हणजे घरांचे, इमारतींचे नकाशे काढायला शिकत होते. माझा वर्ग दुपारच्या पाळीत. त्यामुळे सकाळचा स्वयंपाक ओघानेच माझ्याकडे आला, आणि आठवड्याभरात सगळ्यांना कळून चुकलं की तो माझ्याकडून व्हायचा नाही. माझा भात एक तर कडक राहायचा नाहीतर त्याची खळ व्हायची. मी नकाशात मिलिमीटरची चूक करत नसे, पण आई "मीठ अंदाजाने घाल" म्हणाली की मी तिथेच अडून बसायची.

बाबांना रिकामे हात सहन होत नव्हते. ते आधी नुसते तांदूळ निवडायला बसले. मग एकदा मी नकाशात गुंग असताना डाळ उतू गेली, तेव्हा त्यांनी उठून स्टो बारीक केला आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कांदा चिरला. इतका बारीक आणि एकसारखा की आईने संध्याकाळी उरलेली भाजी बोटावर घेऊन निरखली. आईने रात्री सांगायचं आणि बाबांनी सकाळी करून बघायचं, असं त्यांचं शिक्षण सुरू झालं. आईचं "अंदाजाने" त्यांनाही पटत नसे. पण ते माझ्यासारखे अडून न बसता चाखत राहायचे. मासळी हिराबाईने शिकवली. पहिल्या दिवशी बाबा पाटीपाशी बसले तेव्हा ती मला म्हणाली की तुझी आई गावाला गेली का? सगळा प्रकार कळल्यावर तिने बांगड्याचे कल्ले उचलून बाबांना आतला रंग दाखवला आणि सांगितलं की नवरा होडीवर नि बायको बाजारात, आमच्याकडे घरी जो असेल तो रांधतो, त्यात एवढं लपवण्यासारखं काय आहे. तरी तिने कुणाला सांगितलं नाही. तीन महिन्यांत बाबा बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण असं करायला लागले की आईने सुट्टीच्या दिवशीही स्टोकडे जायचं सोडलं.

लपवण्याचं कारण शेजारच्या खोलीत राहत होतं. तात्या म्हणजे बाबांचे चुलते. त्याच गिरणीत जॉबर होते, माणसं कामाला लावायचं काम, आणि संपाच्या कितीतरी आधी निवृत्त झालेले. बायको वारलेली, मुलगे गावाला. दोन्ही वेळा ते आमच्याकडे जेवत. बाबांना गिरणीत त्यांनीच चिकटवलेलं, त्यामुळे घरात त्यांचा शब्द शेवटचा. तात्यांपाशी जगातल्या प्रत्येक माणसासाठी एक नियम तयार असे. बाईने मोठ्याने हसू नये. पुरुषाने पोरं कडेवर घेऊन गॅलरीत फिरू नये. तरुण पोरांना घाम येत नाही कारण ते बेलबॉटम घालतात. माझा ड्रॉइंग बोर्ड घरात आला त्या दिवशी ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चेडवानी नकाशे काढूचे, मगे झिलांनी काय रांगोळी घालूची?" तात्या बोलायचे मालवणीत; चेडू म्हणजे मुलगी नि झील म्हणजे मुलगा. मी कोर्सचं नाव सांगितलं, तर म्हणाले की त्याच्या नावातच मॅन आहे, तुला ते सर्टिफिकेट देणार कसे? गंमत म्हणजे दिलं तेव्हा त्यावर तसंच छापलेलं होतं. आजही माझ्या कपाटात मी ड्राफ्ट्समन आहे.

यातलं बरंचसं आम्ही हसण्यावारी न्यायचो. एका नियमाचं मात्र बाबांना हसू येत नसे. खालच्या मजल्यावरचा एक संपकरी बायकोच्या आजारपणात पोळ्या लाटताना दिसला, तेव्हा तात्या सगळ्यांसमोर म्हणाले होते, "चुलीकडे बसलेल्या पुरुषाक गिरण परत घेवची नाय." बाबा मोर्चात पुढे असायचे, कुणाला घाबरायचे नाहीत, पण हे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं. आपण कांदा चिरतोय हे बाहेर कळलं तर संप हरल्यासारखं होईल, असं काहीसं त्यांना वाटत असावं. मला ते म्हणाले, "थोडे दिवस तुझ्या नावावर चालू दे." मी हो म्हटलं. मला काय, आयतं जेवण मिळत होतं.

तात्या सकाळी नऊला खाली उतरत आणि देवळाच्या कट्ट्यावर बरोबरीच्या म्हाताऱ्यांत एक वाजेपर्यंत बसत. तेवढ्यात सगळं उरकायचं. दार लावून घेणं शक्य नव्हतं. दिवसा दार लावलं की चाळीत दोनच अर्थ निघायचे, आजारपण नाहीतर भांडण. म्हणून आईची जुनी साडी पडद्यासारखी लावली. दिसण्याचा प्रश्न मिटला, ऐकू येण्याचा उरला. पाट्यावर वाटण वाटताना बायकांच्या बांगड्या वाजतात. वरवंट्याची घरघर आणि तिच्यावर बांगड्यांची किणकिण हा चाळीचा सकाळचा आवाज. बाबांच्या वरवंट्यातून नुसती घरघर यायची. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकूंनी पडद्याबाहेरून विचारलं, शैला, बांगड्या काढून ठेवल्यास काय गो? तेव्हापासून बाबा वाटायला बसले की मी त्यांच्या शेजारी बोर्ड घेऊन बसायची, उजव्या हाताने रेघा मारायची आणि डावा हात वरवंट्याच्या लयीत हलवायची. कधी नकाशात रंगून मी थांबले की बाबा हळूच म्हणायचे, "वाजव गो." त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या नकाशांवर कुठे ना कुठे हळदीचा डाग आहे. सरांना वाटायचं मी फार घरकाम करून शिकते. त्यांनी एकदा वर्गात माझं कौतुकही केलं.

कौतुक नुसतं वर्गातच झालं नाही. तात्या रोज जेवायचे, बोटं चाटायचे आणि कट्ट्यावर जाऊन सांगायचे की आमच्या शैल्याचा हात म्हणजे तिच्या पणजीचा हात. पंधरा दिवसांत मी मजल्यावरची सुगरण झाले. बायका कृती विचारायला येऊ लागल्या. बाबा आत मोरीपाशी बसून ऐकतायत आणि मी दारात उभी राहून ठोकून देतेय, असं चालायचं. काकूंनी एकदा विचारलं की तिरफळं किती घालतेस. मी तिरफळ धड हातात धरलेलं नव्हतं. मी सांगितलं, मूठभर. ज्यांनी तिरफळ खाल्लंय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या घरातली पाच माणसं दुपारभर बधिर जिभा बाहेर काढून गॅलरीत बसली होती. बाबांनी मला त्या दिवशी खरोखरच झापलं. सहा, फार तर सात, आणि बी काढून, हे त्यांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं.

इथवर सगळी मजाच होती. मग एका संध्याकाळी तात्या आले आणि बसायच्या आधीच म्हणाले की शैल्यासाठी स्थळ आणलंय. मुलगा दिलीप, परळचा, गोदीत कायम नोकरीला. संपाच्या दिवसांत गिरणीबाहेर कायम नोकरी असलेला मुलगा म्हणजे काय, हे सांगून कळायचं नाही. मुलाची आई मनोरमाबाई खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ, आणि तिला तात्यांनी माझ्या कालवणाचं इतकं वर्णन करून सांगितलं होतं की पोहे नकोत, रविवारी जेवायलाच येतो, असा निरोप तिने दिला होता. तात्यांनी शब्दही देऊन टाकला होता. माझी शेवटची परीक्षा चार महिन्यांवर होती. मी म्हटलं, मला एवढ्यात लग्न करायचं नाही. तात्या शांतपणे म्हणाले की अशा हाताचं चेडू घरात बसवून ठेवणं पाप आहे. त्या रात्री मी बाबांना सांगितलं की खरं सांगून टाका. बाबांनी उद्याचे तांदूळ निवडायला घेतले. मग म्हणाले की रविवार जाऊ दे, मी सगळं आधीच करून ठेवतो, तू फक्त वाढ, नंतर बघू कसा नकार द्यायचा तो. मला त्यांचा राग आला. आज वाटतं, बिचारे. तेव्हा आला, एवढं खरं.

रविवारी पाहुणे तासभर आधी आले. दिलीप इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मनोरमाबाई उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू, चपला काढता काढताच घरातला वास घेणाऱ्या. तात्या त्यांच्या पुढे जिना चढत होते. आत बांगडे कापून हळदमीठ लावून तयार होते, खोबरं खवून झालं होतं, पण वाटण वाटायचं बाकी होतं. बाबा घाईघाईने हात पुसून खाटेवर जाऊन बसले. आई म्हणाली, मी करते, तुम्ही बोलत बसा. मनोरमाबाईंनी तिला हाताला धरून खाली बसवलं. तुम्ही रोज कामावर जाता, आज बसा, असं म्हणून त्या माझ्याकडे वळल्या. "मुलीचा हात बघायचा तो रांधतानाच. मी बसते इथे. तू कर, घाबरू नकोस."

एका खोलीचं घर. स्टोपासून खाटेपर्यंत पाच पावलं. मी पाट्याशी बसले, खोबरं घेतलं, मिरच्या घेतल्या, धणे घेतले, सगळं एकदम टाकलं आणि वरवंटा फिरवायला लागले. बांगड्या अगदी सुरेख वाजत होत्या. बाकी काहीच नीट होत नव्हतं. खोबरं पाट्यावरून सरकत होतं, वरवंटा दगडावर कोरडा खरडत होता. बाबांचा वरवंटा लांब आणि ओला चालायचा. शेकडो लूमच्या गोंगाटात आपल्या लूमवरचा धागा तुटला की त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं म्हणत. तो माणूस पाच पावलांवर बसून हा आवाज ऐकत होता. मी मान वर केली नाही, पण खाट करकरलेली ऐकली. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"सरक गो," बाबा म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, माझ्या जागी मांडी घातली, पाट्यावर पाण्याचा हबका मारला आणि वाटायला सुरुवात केली. तात्यांनी विचारलं, "वसंता, काय करतंस ह्या?" बाबांनी हात थांबवला नाही, वरही पाहिलं नाही.

"तात्या, गेले सात महिने तुम्ही जेवताय ते मी रांधतोय. मला सांगायची लाज वाटली, म्हणून पोरीच्या नावावर चालवलं. चुकलं माझं. आता तिच्या गळ्यात तेच बांधायची वेळ आली, म्हणून सांगतो."

एवढं लांब मी त्यांना सभेशिवाय कधी बोलताना ऐकलं नव्हतं. तात्या उठले. टोपी सारखी केली, कुणाकडेही न बघता बाहेर गेले, आणि शेजारच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. दिवसा. आईने पदर तोंडाशी धरला होता, ती रडतेय की हसतेय ते कळत नव्हतं. मी मनोरमाबाईंकडे पाहिलं. त्या बाबांच्या हाताकडे बघत होत्या. वाटण लोण्यासारखं उतरत होतं. त्यांनी विचारलं, "मग मुलगी काय करते?"

"दाखव," बाबा मला म्हणाले, आणि कपाटामागच्या बोर्डाकडे हनुवटीने खूण केली.

मी बोर्ड काढला. त्यावर दोन खोल्यांच्या घराचा नकाशा होता, परीक्षेच्या तयारीचा. मनोरमाबाईंना नकाशा कसा वाचतात ते माहीत नव्हतं, पण त्यांनी मला सोडलं नाही. ही जाड रेघ म्हणजे काय, ही तुटक कशाला, दार कुठल्या बाजूला उघडतं, सगळं सांगायला लावलं. मी सांगत गेले आणि माझा आवाज ताळ्यावर आला. शेवटी त्यांनी विचारलं की चूल कुठे. मी दाखवली. खिडकी कुठे, तीही दाखवली. त्यांनी बोट चुलीवरून खिडकीवर आणि खिडकीवरून पुढच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या की म्हणजे वारा येणार तो चुलीवर, जाळ विझणार, आणि धूर जाणार सगळा बाहेर बसलेल्या सासूच्या नाकात. मुद्दाम केलंस की चुकून? दिलीप पहिल्यांदाच हसला. बाबा वाटता वाटता म्हणाले की मीही चार दिवस तेच बघतोय, पण म्हटलं नकाशातलं आपल्याला काय कळतं. मी तिथल्या तिथे खोडरबर घेतलं.

मग सगळे जेवले. मनोरमाबाईंनी दोनदा भात घेतला, बाबांना तिरफळं कधी घालायची ते विचारलं, आणि बाबांनी ते असं सांगितलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिले. निघताना दारात त्या आईला म्हणाल्या की मुलगी हुशार आहे, पण माझ्या घरात न रांधणारं एक माणूस आधीच आहे, आणि त्यांनी दिलीपकडे बोट दाखवलं. दुसरं नको. असा नकार मला पुन्हा कुणी दिला नाही. नकार देऊन इतकं खूश केलेलंही कुणी आठवत नाही.

खिडकीची जागा मी आयुष्यभर विसरले नाही. पुढे एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले तेव्हा तिथले साहेब सगळी स्वयंपाकघरं माझ्याकडे द्यायचे, का तर बाईमाणसाला त्यातलं कळतं. तीस वर्षं मी मुंबईतल्या बायकांचे ओटे काढले आणि घरी मला चहापलीकडे काही जमलं नाही. साहेबांचा गैरसमज मी दूर केला नाही. तोवर मला दुसऱ्यांच्या गैरसमजांवर जगायची सवय झाली होती. परवाच माझी नात केस निळे करून आली, तेव्हा माझ्या तोंडातून तात्यांचं वाक्य जसंच्या तसं निघणार होतं, घामाबद्दलचं. मी ते चहाबरोबर गिळलं.

तात्या त्या रविवारी जेवायला आले नाहीत. बाबांनी माझ्या हाती ताट पाठवलं, ते जसंच्या तसं परत आलं. सोमवारचं अर्धं आलं. मंगळवारचं रिकामं आणि धुऊन आलं. गुरुवारी ते स्वतः येऊन नेहमीच्या जागी बसले आणि एवढंच म्हणाले की मीठ कमी आहे. बाबांनी मीठ पुढे सरकवलं. काकूंसह अख्ख्या चाळीला सगळं कळलं होतं. आठवडाभर लोक बाबांना हसले आणि मग त्यांच्या बायका थेट बाबांना कृती विचारायला येऊ लागल्या. पडदा काढून आईने तिची साडी पुन्हा घडी घालून ठेवली.

संप कुणी संपवला असं झालं नाही. तो झिजत झिजत नाहीसा झाला. काहींना परत घेतलं, बाबांना घेतलं नाही. हे नक्की कळलं त्या संध्याकाळी आम्ही चौघं जेवत होतो. बाबा ताटात बघत म्हणाले, "तात्या, तुमचं खरं झालं." मला वाटलं आता ते नियम पुन्हा सांगणार. तात्यांनी घास खाली ठेवला. "गिरण कोणाकच घेवक नाय, वसंता," ते म्हणाले. "रांधणाऱ्यांकय नाय आणि न रांधणाऱ्यांकय नाय." आणि बाबांच्या ताटात स्वतःच्या हाताने भात वाढला. तात्यांनी कुणाला वाढलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. थोडा बाहेरही सांडला.

पुढे बाबा फोर्टमधल्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये आचारी म्हणून लागले आणि दुपारी घरात कुणीच नसायचं. एका दिवशी मी लवकर परतले तर तात्यांच्या खोलीतून करपल्याचा वास येत होता आणि दार आतून लावलेलं. मी घाबरून धडका मारल्या. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तात्या बनियनवर, भुवईला काजळी, आणि मागे स्टोवर काळं पडलेलं पातेलं. त्यांनी मला आत ओढलं आणि दार पुन्हा लावलं. पातेल्यात उकड्या तांदळाचा भात होता, वरून कच्चा, खालून कोळसा. मधला जरा बरा भाग त्यांनी बशीत काढून माझ्यापुढे धरला. पंच्याहत्तरीचे होते तेव्हा ते. मी खाल्ला. त्यात मीठ दोनदा पडलं होतं. ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मी सगळा संपवला.

"बरो झालो मां?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मगे बापाशीक सांगा नको," तात्या म्हणाले, आणि पातेलं घासायला मोरीत घेऊन गेले.